उत्तर आधी माहीत असू द्या: स्टॅटिस्टिकल कॉम्प्युटिंगच्या कोर्सची सुरुवात कशी करावी

दर सत्रात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास कुणीतरी उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्या टेबलापाशी येतं. "मॅडम, कोड चालतोय, पण उत्तर काहीतरीच येतंय." गेल्या सत्रात आलेल्या एका मुलीचा व्हेरियन्स वजा आला होता. व्हेरियन्स म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, ती वजा कशी येईल? तिने कोडची ओळ न् ओळ तपासली होती, सूत्र पुस्तकाशी ताडून पाहिलं होतं, आदल्या रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी झगडत बसली होती. कोड बरोबर होता. सूत्रही बरोबर होतं. तिच्या आकड्यांकडे थोड्या वेळाने येते.

मी गेली नऊ वर्षं पदव्युत्तर वर्गाची स्टॅटिस्टिकल कॉम्प्युटिंगची प्रॅक्टिकल्स घेते. वर्गात येणारे साधारण दोन प्रकारचे असतात. काहींचं गणित पक्कं असतं, प्रमेय सहज सिद्ध करतात, पण कोड लिहायचा म्हटलं की हात थबकतो. काहींचा हात कोडवर सफाईने चालतो, पण आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही हे कशावरून ठरवायचं ते उमगत नाही. दोघांनाही मी पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगते. कोणताही कोड खऱ्या डेटावर चालवण्याआधी अशा प्रश्नावर चालवा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. आणि ते उत्तर कोड चालवण्याआधी कागदावर लिहा, पेनने. स्क्रीनवर आकडा दिसला की "हो, असाच यायला हवा होता" अशी स्वतःची समजूत घालणं फार सोपं असतं. कागदावरचा आकडा मात्र हलत नाही.

पुढचं सगळं याच सवयीभोवती आहे.

मशीन लावून घेताना

आर की पायथन या वादात पहिला आठवडा घालवू नका. कोर्समध्ये जे वापरतात ते घ्या. आर ही संख्याशास्त्रवाल्यांनीच घडवलेली भाषा आहे. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या एस या भाषेच्या धर्तीवर ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती नव्वदच्या दशकात लिहायला घेतली, आणि तिची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. त्यामुळे मॉडेल, गहाळ निरीक्षण, वर्गवारीचं चल या कल्पना भाषेतच मुरलेल्या आहेत. पायथन सर्व प्रकारच्या कामांची भाषा. तिथे हेच सगळं नमपाय, पांडाज अशा लायब्रऱ्यांतून मिळतं. दोन्हींत ये-जा करणार असाल तर एवढं पाठच करा: आर मोजणी १ पासून सुरू करते आणि "१ ते ५" म्हटलं की पाचवा घटकही देते; पायथन ० पासून मोजते आणि पट्ट्याचा शेवटचा क्रमांक सोडून देते.

आरस्टुडिओ (आरचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आजच्या आज सेटिंग्जमध्ये जा. बंद करताना वर्कस्पेस, म्हणजे मेमरीतल्या सगळ्या ऑब्जेक्ट्सचा साठा, जतन करायची का, तिथे "कधीच नाही" निवडा, आणि उघडताना जुनी वर्कस्पेस परत आणण्याची खूण काढून टाका. पायथनच्या नोटबुकमध्ये काम करणाऱ्यांनी दिवसातून दोनदा तरी कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करून सगळे सेल वरपासून खालपर्यंत चालवून बघावेत.

हे मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या प्रबंधातल्या एका तक्त्याचे सगळे आकडे मेमरीत पडून राहिलेल्या एका जुन्या ऑब्जेक्टवर उभे होते. त्याचं नाव "एन", किंमत २००, आणि फाइलमध्ये ती किंमत मी कुठेही लिहिलेली नव्हती. मशीन बदललं तेव्हा कोड पहिल्या मिनिटालाच अडला: "एन" सापडत नाही. दोनशे ही किंमत तेव्हा मला आठवतही नव्हती. ५०, १००, २०० अशा सगळ्या शक्यतांसाठी सिम्युलेशन पुन्हा चालवून जुन्या तक्त्याशी जुळणारी किंमत शोधण्यात अकरा दिवस गेले, आणि त्या अकरा दिवसांत आपला निष्कर्ष खरा होता की नाही हेच मला माहीत नव्हतं. ती अवस्था कुणावर येऊ नये असं मला फार वाटतं.

बाकी मांडामांड थोडक्यात. प्रत्येक असाइनमेंटचं वेगळं फोल्डर करा. मूळ डेटाच्या फाइलला कधीही हात लावू नका. साफसफाई करायची ती कोडनेच. फाइलचा पत्ता फोल्डरपासून सुरू होणारा लिहा, तुमच्या मशीनच्या ड्राइव्हपासूनचा लिहू नका, नाहीतर तपासणाऱ्याच्या मशीनवर पहिलीच ओळ कोसळते. गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्याच आठवड्यात शिका. चार आज्ञा आल्या तरी सत्र निभतं. लेखन आणि कोड एकाच फाइलीत ठेवता येणारं साधन, मग ते आर मार्कडाउन असो वा क्वार्टो, सुरुवातीपासून वापरा. रिपोर्टमधला आकडा हाताने टाइप केला की तो कधी ना कधी कोडपासून फारकत घेतोच.

चार आकडे: १२, १५, १८, २३

हे चार आकडे मी दर सत्रात फळ्यावर लिहिते. बेरीज ६८, सरासरी १७. सरासरीपासूनची अंतरं वजा ५, वजा २, १ आणि ६. त्यांचे वर्ग २५, ४, १, ३६, बेरीज ६६. नमुन्याचा व्हेरियन्स म्हणजे ६६ भागिले ३, अर्थात २२. तोंडी होणारं गणित आहे.

आता आरच्या तयार फंक्शनला विचारा: २२. नमपायच्या तयार फंक्शनला विचारा: १६.५. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. नमपाय स्वतःहून ४ ने भागतं, आर ३ ने. पांडाज पुन्हा ३ नेच. दस्तऐवजात हे लिहिलेलं असतं, पण दस्तऐवज उघडायची गरज आहे हे तुम्हाला कोण सांगणार? हे चार आकडे सांगतात. डेटात दहा हजार ओळी असत्या तर हा फरक कुणाच्या नजरेस पडला नसता.

पुढची पायरी. पुस्तकात व्हेरियन्सचं एक सोपं सूत्र असतं: वर्गांची बेरीज घ्या, तिच्यातून सरासरीच्या वर्गाची एन पट (एन म्हणजे एकूण आकडे किती) वजा करा, मग एन वजा १ ने भागा. आपल्या आकड्यांचे वर्ग १४४, २२५, ३२४, ५२९, बेरीज १२२२. १७ चा वर्ग २८९, त्याची चौपट ११५६. फरक ६६. उत्तर पुन्हा २२.

आता चारही आकड्यांत एक अब्ज मिळवा. सगळे आकडे सारखेच सरकले, तेव्हा व्हेरियन्स बदलायचं कारण नाही. कागदावर २२ लिहा आणि तेच सूत्र साध्या लूपने चालवा. उत्तर येतं १७०.६७. आरमध्ये लूपऐवजी तयार बेरीज फंक्शन वापरलं तर बऱ्याच मशीनवर शून्य येतं.

इथे वर्ग हमखास शांत होतो. कारण उलगडायला मी पूर्ण तास देते, कारण पुढच्या सत्रभराची समज यात आहे.

मशीन दशांश संख्या ६४ बिटांत साठवतं. त्यातले ५२ बिट संख्येच्या अंकांसाठी असतात, आणि न साठवता गृहीत धरलेला एक मिळून अंकांना ५३ बिट मिळतात. १९८५ पासूनच्या आयईईई ७५४ या मानकाने ही रचना पक्की केली आहे. ५३ बिट म्हणजे दशमानात साधारण १५-१६ अंक. संख्या लहान असेल तर शेजारच्या दोन साठवण्याजोग्या संख्यांमधलं अंतर अगदी बारीक असतं. संख्या वाढत जाते तसं ते अंतरही वाढतं. एक अब्जाचा वर्ग म्हणजे दहाचा अठरावा घात. तिथे शेजारच्या दोन संख्यांमध्ये तब्बल १२८ चं अंतर आहे. असे चार वर्ग मिळवले की आपण जिथे पोहोचतो तिथे ते अंतर ५१२ होतं. म्हणजे वजाबाकी करण्याआधी आपल्या हातात जी मोजपट्टी आहे तिच्यावर ५१२ पेक्षा बारीक खूणच नाही, आणि आपण शोधतोय ६६. उत्तर शून्य येईल, ५१२ येईल, डेटा वेगळा असेल तर वजा ५१२ सुद्धा येईल; ६६ येणं शक्यच नाही. ५१२ भागिले ३ म्हणजे १७०.६७.

दोन जवळजवळ सारख्या प्रचंड संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे जुळणारे अंक गळून पडतात आणि मागे उरते ती गोलाईची चूक. त्या मुलीच्या डेटात वेळा होत्या, १९७० पासून मोजलेल्या मिलिसेकंदांत. असा प्रत्येक आकडा आजच्या घडीला दीड लाख कोटीच्या वर असतो. तिने वेगळं काहीच केलं नव्हतं. आम्ही प्रत्येक वेळेतून पहिली वेळ वजा केली, तेच सूत्र पुन्हा चालवलं आणि उत्तर जाग्यावर आलं.

आधी सरासरी काढा आणि मग अंतरांचे वर्ग घ्या, म्हणजे हा धोका टळतो. डेटा एकेक करून येत असेल आणि दोनदा वाचता येत नसेल तर वेलफर्डची १९६२ ची पद्धत आहे. प्रत्येक नव्या आकड्यागणिक सरासरी आणि वर्गांची बेरीज दोन्ही थोड्याथोड्या दुरुस्त करत जाणारी. ती स्वतः लिहून पाहा. फार तर दहा ओळी होतील, आणि ती तपासायला चार आकडे तयारच आहेत.

याच ओघात ०.१ + ०.२ हे ०.३ च्या बरोबर आहे का, असं मशीनला विचारून घ्या. "नाही" म्हणेल. म्हणून दशांश संख्यांची तुलना "तंतोतंत समान" या खुणेने करायची नाही. फरक ठरावीक मर्यादेपेक्षा लहान आहे का, असं विचारायचं.

गॉसेटचे पत्ते, तुमचं सिम्युलेशन

१९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने विल्यम गॉसेट यांनी छोट्या नमुन्यांच्या सरासरीवर एक निबंध प्रसिद्ध केला. ते गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत, आणि तिथे नमुने छोटेच असत. आपलं गणित बरोबर आहे का हे पाहण्यासाठी त्यांनी ३००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मापं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, ते नीट पिसले, आणि चार-चारांचे ७५० नमुने काढले. प्रत्येकाची सरासरी, प्रत्येकाचं प्रमाण विचलन (व्हेरियन्सचं वर्गमूळ), सगळं हाताने. मग आपलं सूत्र काय सांगतं आणि पत्ते काय सांगतात ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. संगणक नसताना केलेलं हे सिम्युलेशन मला दर वेळी भारावून टाकतं. ज्या माणसाने सूत्र काढलं त्यालाच ते तपासून पाहावंसं वाटलं.

तुमचं पहिलं सिम्युलेशन हेच असू द्या. प्रमाण नॉर्मल वितरणातून चार आकडे काढा. सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले स्टँडर्ड एरर (प्रमाण विचलन भागिले एनचं वर्गमूळ) एवढी मध्यांतराची हद्द ठेवा. खरी सरासरी, म्हणजे शून्य, त्या हद्दीत आली का ते नोंदवा. असं १०,००० वेळा करा आणि किती टक्के वेळा आली ते पाहा.

आता आधी कागद. ९५ टक्के लिहिणार असाल तर थांबा. नमुना चारचा आहे, प्रमाण विचलन डेटावरूनच काढलंय, म्हणजे इथे तीन मुक्तिमात्रांचं टी-वितरण लागतं. त्या वितरणात वजा १.९६ ते १.९६ यांच्यामध्ये ८५.५ टक्के संभाव्यता आहे. हे लिहा. १.९६ च्या जागी ३.१८२ घेतलं की ९५ टक्के. तेही खाली लिहा.

सिम्युलेशनचं उत्तर नेमकं ८५.५ येणार नाही. किती फरक चालेल हेही आधीच काढता येतं: ०.८५५ गुणिले ०.१४५, भागिले १०,०००, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.००३५. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट धरली तर साधारण ८४.८ ते ८६.२. फेऱ्या फक्त १००० घेतल्या असत्या तर ही हद्द तिपटीहून अधिक रुंद झाली असती, कारण चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. एक दशांश स्थान जास्त हवं असेल तर शंभरपट फेऱ्या लागतात. सिम्युलेशनच्या तक्त्यात ही चूक न लिहिता नुसता आकडा देणारा रिपोर्ट मी परत पाठवते.

या व्यायामात मला सगळ्यात जास्त आवडतं ते असं की चुकीचं उत्तरही बोलतं. ८१ टक्के आलं तर व्हेरियन्स काढताना ३ ऐवजी ४ ने भागलं गेलंय. नमपायवाल्यांचं पहिल्या वेळी बहुधा हेच येतं. ९७ आलं तर स्टँडर्ड एररसाठी वर्गमुळात एन ने भागायचं राहिलंय. ६० आलं तर वर्गमुळाने भागण्याऐवजी थेट एन ने भागलंय. आणि ९५ आलं तर सूत्रात कुठेतरी खरं प्रमाण विचलन वापरलं गेलंय, जे खऱ्या डेटात तुमच्याकडे कधीच नसतं. टक्केवारीचे हे चार आकडे मी टी आणि नॉर्मल वितरणांवरून काढून वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलेत. मुलं दारातून आत येताना आकडा सांगतात आणि खुर्चीवर बसेपर्यंत चूक सापडलेली असते.

सीड

यादृच्छिक आकडे मशीन खऱ्या अर्थाने यादृच्छिक काढत नाही; ठरलेल्या नियमाने एकापुढे एक काढतं. सीड, म्हणजे मालिकेचा सुरुवातीचा आकडा, दिलं की तीच मालिका पुन्हा मिळते. सीड फाइलच्या सुरुवातीला एकदाच द्या. लूपच्या आत दिलंत तर दर फेरीत तेच चार आकडे येतील, दहा हजार फेऱ्या म्हणजे एकच फेरी दहा हजारदा होईल आणि उत्तर ० टक्के किंवा १०० टक्के येईल. हीच चूक मोठ्या प्रोजेक्टमध्ये होते तेव्हा ती एवढी ठळक दिसत नाही, म्हणून इथेच एकदा मुद्दाम करून बघा.

सीडबरोबर आवृत्तीही लिहून ठेवा. आर ३.६.० मध्ये, २०१९ साली, नमुना काढणाऱ्या फंक्शनची आतली रीत बदलली. त्यामुळे तेच सीड देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना निघतो. जुन्या असाइनमेंटची उत्तरं पडताळताना अनेकांची यात दमछाक होते.

नियमच वाईट असेल तर काय होतं याचा नमुना आरमध्ये तयार ठेवलाय. रँडयू नावाचा जनक १९६० च्या दशकात सर्रास वापरात होता: आधीच्या संख्येला ६५५३९ ने गुणा, २ च्या ३१ व्या घाताने भागून बाकी घ्या. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे बिंदू म्हणून त्रिमितीत मांडले तर सगळे बिंदू फक्त १५ समांतर प्रतलांवर बसतात. आरमधला त्याच नावाचा डेटा घ्या आणि त्रिमितीतला आलेख हळूहळू फिरवा. एका कोनात धुकं अचानक पट्ट्यापट्ट्यांत फाटतं. आज आर स्वतःहून जो मर्सेन ट्विस्टर वापरते तो मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९८ मध्ये मांडला. त्याची मालिका २ चा १९९३७ वा घात वजा १ एवढ्या संख्यांनंतर पुन्हा सुरू होते. आपल्या कोर्सपुरतं त्याच्यावर निर्धास्त विसंबा.

लाइकलीहूड लिहिताना

पहिल्यांदा लाइकलीहूड, म्हणजे मॉडेल खरं धरलं तर आपला डेटा येण्याची शक्यता, लिहिताना बहुतेकजण पुस्तकातल्याप्रमाणे घनतांचा गुणाकार करतात आणि शून्य मिळवतात. प्रमाण नॉर्मलमधून आलेल्या एका निरीक्षणाच्या घनतेचा लॉग सरासरीने वजा १.४२ असतो. मशीनला साठवता येणारी सगळ्यात लहान धन संख्या दहाच्या वजा ३२४ व्या घाताच्या आसपास आहे. हिशेब केलात तर साधारण सव्वापाचशे निरीक्षणांनंतर गुणाकार शून्य होतो, मग मॉडेल कितीही चांगलं असो. म्हणून सुरुवातीपासून लॉग घ्या आणि बेरीज करा. हजार निरीक्षणांची बेरीज वजा १४१९ च्या जवळपास येते. मशीनला ती हाताळायला काहीच अडचण नाही. घनतेची तयार फंक्शनं लॉग थेट देऊ शकतात, तो पर्याय वापरा. आधी घनता काढून नंतर लॉग घेतला तर टोकाच्या निरीक्षणांवर आधीच शून्य झालेलं असतं.

मग कमाल शोधणारं फंक्शन येतं. आरमधलं ऑप्टिम सांगितलं नाही तर किमान शोधतं, तेव्हा लॉग-लाइकलीहूडपुढे वजा चिन्ह लावा. ते तपासायला पुन्हा आपले चार आकडे घ्या. ते घातांकी वितरणातून आले आहेत असं समजा. दराचा अंदाज हातानेच निघतो: १ भागिले सरासरी, म्हणजे १ भागिले १७, म्हणजे ०.०५८८. दर धन असायला हवा, म्हणून शोध दराच्या लॉगवर घ्या. तिथे उत्तर वजा २.८३३ यायला हवं. हे आलं की मगच गॅमा, वायबुल, मिश्र वितरणं. आणि शोध नेहमी दोन-तीन वेगवेगळ्या जागांवरून सुरू करून बघा. मिश्र वितरणात एका जागेवरून एका टेकडीवर आणि दुसऱ्या जागेवरून दुसऱ्याच टेकडीवर पोहोचणं अगदी नेहमीचं आहे.

मॅट्रिक्स आणि वेग

रिग्रेशनच्या सूत्रात मॅट्रिक्सचा व्यस्त असतो, पण कोडमध्ये तो काढायचा नाही. डेटाच्या मॅट्रिक्सचा, म्हणजे एक्सचा, स्वतःशी गुणाकार केला की अवघडपणाच्या अंकाचा (कंडिशन नंबर; तो जितका मोठा तितके उत्तरातले भरवशाचे अंक कमी) वर्ग होतो: एक्सचा अंक दहा लाख असेल तर गुणाकाराचा एक लाख कोटी, आणि १६ अंकांपैकी भरवशाचे चारच उरतात. आरचं तयार रिग्रेशन फंक्शन म्हणूनच क्यूआर विघटन (मॅट्रिक्स दोन सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात मांडणं) वापरतं. १९६७ मध्ये लाँग्ली यांनी १९४७ ते १९६२ या १६ वर्षांचा आर्थिक डेटा वेगवेगळ्या रिग्रेशन प्रोग्रामना दिला आणि उत्तरांमध्ये मोठी तफावत आढळली. तोच डेटा आरमध्ये त्यांच्या नावाने आहे. व्यस्त काढून एकदा, क्यूआरने एकदा, अशी दोन्ही उत्तरं सगळ्या दशांशांसह शेजारी छापून पाहा.

वेगाची चिंता पहिले दोन महिने करू नका, एक अपवाद सोडून. लूपच्या दर फेरीत जुन्या व्हेक्टरला नवा घटक जोडून नवा व्हेक्टर बनवत राहिलात तर मशीन दर वेळी सगळं पुन्हा उतरवून काढतं. एक लाख घटकांसाठी सुमारे ५०० कोटी घटक उतरवले जातात. आधी पूर्ण लांबीचा रिकामा व्हेक्टर करा आणि भरत जा. आणि आरमध्ये "१ ते एन" असा लूप लिहू नका. एन शून्य असेल तर तो १ आणि ० अशा दोन फेऱ्या मारतो. सीक्-लेन फंक्शन तिथे एकही फेरी मारत नाही, आणि तेच आपल्याला हवं असतं.

कोड लिहून देणारे चॅटबॉट आता सगळ्यांच्या हाताशी आहेत. तुमच्या कोर्सचे नियम परवानगी देत असतील तर वापरा, पण त्यांनी दिलेल्या फंक्शनलाही आधी १२, १५, १८, २३ द्या. त्यांचा कोड नेटका दिसतो, आणि नेटका दिसणारा कोड तपासायचा माणसाला कंटाळा येतो.

अडलात तर

अडलात तर लवकर विचारा, पण प्रश्न लहान करून विचारा. तीनशे ओळींची फाइल आणि "चालत नाही" एवढंच लिहिलेलं मेल आलं की मला आधी तुमचा प्रश्न काय आहे तेच शोधावं लागतं. नवी रिकामी फाइल उघडा. डेटाच्या जागी चार-पाच आकडे हाताने लिहा. चूक दिसत राहते तोवर एकेक ओळ काढत जा. निम्म्या वेळा हे करता करताच चूक सापडते आणि मेल पाठवायची वेळच येत नाही.

वजा व्हेरियन्सवाल्या त्या मुलीचं पुढचं मेल महिनाभराने आलं, बूटस्ट्रॅपच्या, म्हणजे हातातल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढायच्या पद्धतीच्या, असाइनमेंटच्या वेळी. सहा ओळींचा कोड, डेटा म्हणून आपलेच चार आकडे, वर सीड, खाली आरची आवृत्ती. मग दोन ओळी: "सरासरीचा बूटस्ट्रॅप स्टँडर्ड एरर २.३५ येईल असं वाटलं होतं, कारण २२ भागिले ४ चं वर्गमूळ. पण येतोय २.०३." मी उत्तरात एवढंच लिहिलं की १६.५ भागिले ४ चं वर्गमूळ काढून बघ. दहा मिनिटांत तिचं मेल आलं: बूटस्ट्रॅप त्या चार आकड्यांनाच पूर्ण समष्टी मानतो, म्हणून भागायचं ४ ने. आणि खाली तिने विचारलं होतं की मग नमुना चारचा असताना बूटस्ट्रॅपच्या मध्यांतराचं कव्हरेज (खरी सरासरी त्यात येण्याची टक्केवारी) ८५ च्याही खाली जाईल का, ते सिम्युलेट करून पाहिलं तर चालेल का.